एका जोडणीपुरता नियम

"किती गेले?" नंदूदादानं विचारलं.

"सतरा."

"दोन तासांत सतरा?"

मी पडद्यावरून नजर काढली नाही. अठराव्या फोटोची हिरवी पट्टी एकोणचाळीस टक्क्यांवर येऊन बसली होती आणि चार मिनिटं झाली तरी चाळीस होत नव्हती. लॅपटॉप हौसाबाई ढेबेंच्या अंगणात, पालथ्या घातलेल्या पिंपावर ठेवला होता. त्यांच्या छपरावर एक वेळू उभा केला होता आणि त्याच्या टोकाला इंटरनेटचं डोंगल बांधलं होतं. उंबरकोंड गावात फोन तुटत तुटत लागायचा, पण इंटरनेट मिळायचं ते तेवढ्याच उंचीवर.

"शहाण्णव फोटो आहेत, तेजू," नंदूदादा म्हणाला. "असेच गेले तर रात्र होईल. चार वाजता धुकं उतरतं. बाईंना दुसरी रात्र बाहेर निघायची नाही."

ते मला कळत होतं. तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्या सप्टेंबरात सातविणीच्या पठारावर कारवी फुलली होती. सात वर्षांतून एकदा फुलते, आणि फुलली की अख्खा डोंगर जांभळा होतो. कुमुद शेवडे, म्हणजे शाळेत मला जीवशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या शेवडेबाई, त्या वर्षी बासष्ट वर्षांच्या होत्या. मागच्या तीनही फुलोऱ्यांना त्या पठारावर गेल्या होत्या. या वेळी गुडघे कुरकुरत होते म्हणून त्यांनी सोबतीला मला बोलावलं. शनिवारी सकाळी आम्ही दोघीच वर गेलो. संध्याकाळी गावात मी एकटीच होते.

गावकऱ्यांनी अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. रविवारी उजाडताना साताऱ्याहून नंदू इंगवल्यांचं बचाव पथक आलं. डोंगरात हरवलेल्या, पडलेल्या माणसांना शोधून आणणारी ही मंडळी. कुणी शिक्षक, कुणी गॅरेजवाला, कुणी बँकेतला. नंदूदादानं पहिला प्रश्न मला विचारला, शेवटचं कुठे पाहिलंस? मी सांगितलं, पठाराच्या टोकाला कड्यालगत पाण्याचं टाकं आहे, तिथं, चारच्या सुमारास. मी बाटली भरायला वाकले, उठून पाहिलं तर बाई नव्हत्या.

त्यावरून सगळी आखणी झाली. टाक्याखाली कोकणाच्या बाजूला सरळ कडा होता. तिकडे दिगू मोरे दोर लावून उतरत होता. पठारावर मात्र माणसं पाठवून उपयोग नव्हता. कारवी डोक्याच्या वर गेली होती. दोन हातांवरचा माणूस दिसत नव्हता. म्हणून इरफान बागवानचा ड्रोन. इरफान वाईत लग्नांचे फोटो काढायचा. त्यानं टाक्याभोवतीच्या रानाचे वरून शहाण्णव फोटो काढले होते. ते फोटो बारकाईनं पाहायला सातारा, पुणे, कोल्हापूर इथं तीस-एक माणसं आपापल्या घरी बसून होती. एकेका फोटोला दहा मिनिटं लागणार होती, आणि तेवढे डोळे उंबरकोंडात नव्हते.

"लहान करून पाठव ना," इरफान म्हणाला. "लग्नाचे मी तसेच पाठवतो. व्हॉट्सॲपला झटकन जातात."

"बाईंचा रेनकोट जांभळा आहे," मी म्हटलं.

त्याला लगेच कळलं. लहान केलेल्या फोटोत जांभळ्यात जांभळं विरून गेलं असतं.

मी पुण्यात एका कंपनीत नेटवर्कचंच काम करायचे. काय चाललंय ते पाहायला मी मोजणी लावली आणि पाच मिनिटांत कारण समोर आलं. फाईल जाळ्यातून एकसंध जात नाही. तिचे बारीक तुकडे पडतात, आणि पलीकडचं यंत्र तुकड्यांची पोचपावती देतं. पोचपावती आली नाही की आपलं यंत्र समजतं, वाटेत गर्दी झाली आहे, सावकाश जावं. शहरात ते बरोबर असतं. इथं वाटेत गर्दी नव्हतीच. मधल्या डोंगरामुळे शंभरातले आठ-नऊ तुकडे हवेतच गळत होते, आणि प्रत्येक गळतीला माझा लॅपटॉप सभ्यपणानं ब्रेक मारत होता. रिकाम्या रस्त्यावर!

"दादा, लाईन वाईट नाहीये!" मी ओरडलेच. "लॅपटॉप उगाच घाबरतोय!"

"मग त्याची भीती घालव."

ते जमण्यासारखं होतं. गर्दी ओळखून वेग ठरवण्याच्या पद्धती अनेक असतात. नेहमीची असते तिचं नाव क्युबिक. वेस्टवुड नावाची दुसरी एक होती, ती गळतीला घाबरत नाही. पोचपावत्या किती भरभर येतायत ते पाहून वेग धरते. मी अख्ख्या लॅपटॉपला वेस्टवुड लावली. एक ओळ. फोटो पाठवणारा प्रोग्रॅम मीच पहाटे घाईघाईत लिहिला होता. तो बंद करून पुन्हा सुरू केला, आणि एका वेळी एकाऐवजी सहा फोटो सोडले.

पट्ट्या धावत सुटल्या.

"अरे! अरे बघ!" इरफान उड्या मारायला लागला. अठरावा गेला, एकोणिसावा, बावीस, चोवीस. जे सात-सात मिनिटं घेत होते ते आता काही सेकंदांत जात होते. हौसाबाई चुलीपासून उठून बाहेर आल्या. मला हसू आवरेना. शाळेत बाईंच्या अवघड प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्या आधी द्यावं तसं काहीतरी वाटत होतं.

"दिगू, थांब! थांब तिथंच!"

नंदूदादाचा आवाज इतका चढा होता की आम्ही तिघंही गप्प झालो.

आमच्या आणि दिगूच्या मध्ये डोंगराची धार होती, त्यामुळे वॉकीटॉकी त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. त्याच्या मोबाईलला कोकणाच्या बाजूची रेंज होती, म्हणून त्याच्याशी बोलणं चालायचं ते याच लॅपटॉपवरून, इंटरनेटनं. समोरच्या सोंडेवर आमचा एक माणूस दुर्बीण घेऊन बसला होता. त्याला कडा दिसायचा. तो वॉकीवर नंदूदादाला सांगायचा, नंदूदादा लॅपटॉपवरून दिगूला. आत्ता सोंडेवरून निरोप आला होता, दिगूच्या डोक्यावरचा दगड सुटतोय, त्याला डावीकडे घे.

"दिगू, डावीकडे! ऐकू येतंय का? डावीकडे!"

लॅपटॉपमधून दिगूचा आवाज आला, तोही तुटक. "दादा… काय… परत…"

"डावीकडे!"

"…उजवी…?"

माझे सहा फोटो सगळी वाट अडवून बसले होते. वेस्टवुडला माघार माहीत नव्हती. दिगूसाठी निघालेले चार शब्द त्या फोटोंच्या मागे रांगेत उभे होते. मी प्रोग्रॅम बंद करायला झेपावले. तेवढ्यात वॉकीवर सोंडेवरचा माणूस ओरडला, "सुटला! दगड सुटला!"

नंतर कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. खरं तर दहा-बारा सेकंद असतील.

मग दिगू आला, स्पष्ट. "लागला. खांद्याला. हात हलतोय. दोर ठीक आहे."

नंदूदादानं डोळे मिटले, उघडले. माझ्याकडे वळून तो अगदी हळू म्हणाला, "त्याच्या आवाजाच्या वाटेत पुन्हा काही आलं ना तेजू, तर मी लॅपटॉप उचलून फेकीन. बाई सापडेपर्यंत दुसरा माणूस घालवायचा नाही मला."

"मी पुन्हा पहिल्यासारखं करते."

"पहिल्यासारखं केलंस तर फोटो?"

जुनी पद्धत ठेवावी तर फोटो मरत होते. नवी ठेवावी तर दिगू. मी पिंपासमोर मांडी घालून बसले. पडद्यावरच्या जोडण्या मोजल्या. सहा जोडण्या फोटोंच्या, एक दिगूच्या आवाजाची, आणि सगळ्यांना मी एकच नियम लावत होते. पण एकच नियम कशाला?

मी एकदम ताठ बसले. कुठलाही प्रोग्रॅम जाळ्यात बाहेर पडण्यासाठी जोडणी उघडतो तेव्हा त्या एका जोडणीपुरतं सांगता येतं, तू या पद्धतीनं चाल. बाकीच्यांना हात लागत नाही. अशा सोयी असतात हे मी वाचलं होतं, कधी वापरल्या नव्हत्या. ऑफिसात गरजच पडली नव्हती.

"दादा! आवाजाला हट्टी पद्धत आणि फोटोंना समजूतदार! दोघांना वेगवेगळी!"

"मराठीत सांग."

"एसटीत मागून म्हातारं माणूस आलं की उठून जागा देतो, तसे फोटो उठतील. दिगू बोलला की ते सरकतील. तो गप्प झाला की पुन्हा बसतील. पण हवेत तुकडा गळाला म्हणून मात्र घाबरायचं नाही."

"होईल?"

"दहा मिनिटं द्या."

गळतीला न घाबरणारी आणि तरी पुढची रांग वाढली की आपणहून मागे सरणारी एक पद्धत होती. तिचं नावही गमतीचं, 'येआ'. माझ्या प्रोग्रॅममध्ये जोडणी उघडते त्याच्या खालीच मी ती एक ओळ टाकली. चालवलं. लॅपटॉप म्हणाला, अशी पद्धत माझ्याकडे नाही. ती आधी आत भरून घ्यावी लागते, ते विसरलेच होते. भरली. पुन्हा चालवलं. या वेळी उत्तर आलं, परवानगी नाही.

"कुणाची परवानगी पाहिजे?" माझ्या खांद्यावरून वाकून पाहत इरफाननं विचारलं. "कलेक्टरची?"

"माझीच!" मी म्हटलं आणि मला खरंच हसू फुटलं. सामान्य प्रोग्रॅमला कुठल्या पद्धती वापरू द्यायच्या याची एक यादी असते. ऑफिसात त्या यादीत नाव घालायला तीन साहेबांच्या सह्या लागल्या असत्या. मी माझा पासवर्ड टाकला आणि 'येआ' यादीत लिहिली.

"आता एकच," मी नंदूदादाला म्हटलं. "आवाजाची जोडणी मघाच्या गोंधळाआधीची आहे, जुन्याच नियमानं चाललीय. नवा नियम नव्या जोडणीलाच लागतो. ती तोडून पुन्हा जोडायला हवी. दहा सेकंद दिगूला कुणी ऐकू येणार नाही."

नंदूदादानं कड्याच्या दिशेला पाहिलं. तिकडे काही दिसत नव्हतं, नुसती धार. मग त्यानं माईक उचलला. "दिगू, पाय कुठे आहेत?"

"कपारीत. दोन्ही."

"तसाच राहा. हलू नकोस. दहा अंक मोज. तोवर मी नसेन."

"नसेन म्हणजे?"

"मोज!"

मी तोडलं. इरफान मोठ्यानं मोजत होता. एक, दोन, तीन. चौथ्याला मी जोडणी सुरू केली. सहाला पडद्यावर गोल फिरायला लागला. आठ. नऊ.

"…दहा. दादा?"

"बोल, पोरा, बोल!" नंदूदादा ओरडला.

"एवढा स्पष्ट कसा काय? शेजारी बसल्यासारखा."

मी फोटो सोडले. सहाच्या सहा. पट्ट्या निघाल्या, मघासारख्या उधळल्या नाहीत, पण चालीनं, न अडता निघाल्या. मी दिगूचा आवाज ऐकत होते आणि आकड्यांकडे पाहत होते. तो बोलायला लागला की आकडे झुकायचे. थांबला की वर यायचे. असं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. इरफाननं माझ्या पाठीत धपाटा घातला. "चाळीस! तेजूताई, चाळीस गेले!" नंदूदादा दर मिनिटाला पिंपापाशी येऊन आकडा बघून जात होता. साठ. ऐंशी. अंगणात बसलेल्या दोन-चार गावकऱ्यांनाही आकड्यांची नशा चढली, प्रत्येक फोटोला कुणीतरी "गेला!" म्हणून हाळी द्यायचं.

साडेबाराच्या आत शहाण्णव फोटो गेले. मग आम्ही वाट पाहिली.

उत्तरं यायला लागली. फोटो तीन, काही नाही. फोटो अकरा, काही नाही. चव्वेचाळीसमध्ये एक शेळी. अडुसष्ट, काही नाही. लोक मन लावून पाहत होते. एकेक फोटो दोघा-दोघांनी तपासला. दीड वाजता शेवटचं उत्तर आलं.

काही नाही.

"टाक्याच्या अजून खाली असतील," नंदूदादा म्हणाला. त्याच्या आवाजातलं बळ गेलं होतं. "इरफान, बॅटरी?"

"एकच उरलीय. वीस मिनिटं उडेल."

"मग टाक्याच्या खालच्या उताराला घाल. दिगूलाही आणखी खाली सोडू."

इरफान ड्रोनकडे गेला. मी पडद्याकडे बघत बसले. तिथं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळपासून मी त्या पट्ट्यांच्या मागे लपले होते. फोटो जात नव्हते तोवर दोष त्यांचा होता.

हौसाबाईंनी कोरा चहा आणून पिंपावर ठेवला. शेजारी बसल्या. सकाळपासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता खालच्या आवाजात म्हणाल्या, "ल्येकी, तू काल माझ्या दारात आलीस. फोनवर बोलत हुतीस. म्यां पानी दिलं."

"हो."

"तवा ऊन हितं हुतं." त्यांनी उंबऱ्यापासून हातभर अलीकडे बोट टेकवलं. "म्हंजी तीन वाजल्यालं. मंग चार वाजता टाक्यापाशी तू कशी असशील?"

मी पडद्याकडे तोंड फिरवलं.

"म्यां कुनाला बोलले न्हाय," त्या म्हणाल्या. "पन ते पाखरू चुकीच्या रानात फिरतंय, व्हय ना?"

इरफान ड्रोनचे पंखे बसवत होता. मी उठले. चार पावलांचं अंगण ओलांडून नंदूदादापाशी गेले.

"दादा. टाक्यापाशी आम्ही गेलोच नव्हतो."

नंदूदादानं मान वर केली.

"खिंडीच्या वर, पठाराच्या सुरुवातीलाच बाई थांबल्या होत्या. प्रत्येक झुडपापाशी थांबून चित्रं काढत होत्या. मला ऑफिसचे फोन येत होते, तुटत होते. मी कंटाळले. म्हटलं, तुम्ही या सावकाश, मी खाली खिंडीत थांबते. मग खिंडीतही रेंज नव्हती, म्हणून मी खाली आले. गावात. मला वाटलं, येतील मागून. सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा… मला सांगवलं नाही, की मी त्यांना सोडून आले."

इरफाननं पंखा हातातच धरला होता. लॅपटॉपमधून दिगूचा आवाज आला, अगदी स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा. "दादा, अजून खाली येऊ का?"

मला वाटलं नंदूदादा माझ्या थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. त्यानं माईक उचलला. "दिगू, वर ये. तिथं कुणी नाही."

"नाही म्हणजे?"

"वर ये. आणि खिंडीकडे निघ." मग माझ्याकडे वळला. "किती वाजता सोडलंस?"

"सव्वादोन."

"खिंडीच्या कुठल्या अंगाला?"

"वर. उजवीकडे. एक आडवा कातळ आहे तिथं."

"इरफान, ऐकलंस? खिंड, आडवा कातळ, आणि दोन्हींमधल्या सगळ्या घळी. बॅटरी संपेपर्यंत." घड्याळात पाहून तो म्हणाला, "तुझ्याशी नंतर बोलेन. आधी फोटो पाठव."

ड्रोन उडाला. सतरा मिनिटांनी उतरला तेव्हा पठाराच्या वरच्या कडेला पांढरं धुकं दिसायला लागलं होतं. बेचाळीस फोटो होते. मी कार्ड लावलं आणि सोडले. दिगू कडा चढत होता, नंदूदादा त्याला पावलापावलाला सांगत होता, आणि त्या बोलण्याला जराही धक्का न लावता फोटो बाजूनं जात होते. दहा. वीस. गावकरी आता हाळी देत नव्हते. मी नखं कुरतडत होते. बेचाळिसावा गेला तेव्हा सुरुवात करून आठ मिनिटंही झाली नव्हती.

पुढची पाच मिनिटं फोन मुका होता. मग एकामागून एक. फोटो दोन, काही नाही. नऊ, काही नाही. चौदा, सोळा, काही नाही.

मग फोन वाजला. साताऱ्याचे भास्कर पोंक्षे. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. त्यांची माझी ओळख नव्हती.

"एकतिसावा फोटो उघडा," ते म्हणाले. बोलणं सावकाश, एकेक शब्द सुटा. "उजव्या कडेपासून तीन बोटं आत. वरून साधारण तिसऱ्या भागावर. सापडलं?"

"तिथं फुलंच आहेत, काका."

"आहेत. रंग बरोबर आहे. पण टाइप बदललाय."

"काय?"

"एका ओळीत एक शब्द वेगळ्या टाइपात पडला की कसा दिसतो, तसं. मोठा करून बघा. फुलं खरखरीत दिसतायत. तेवढा तुकडा गुळगुळीत आहे. आणि त्याच्यावर पाणी साचलंय. फुलावर पाणी असं साचत नाही."

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा. जांभळं, जांभळं, जांभळं, आणि मध्ये हाताच्या पंजाएवढी चकाकी. तिच्या एका टोकाला करड्या-पांढऱ्या रंगाचा ठिपका.

"केस," इरफान म्हणाला. मग ओरडला, "केस आहेत ते! दादा, बाईंचे केस!"

अंगणात एकच गलका उठला. नंदूदादानं दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकलंसुद्धा होतं. स्ट्रेचर, औषधाची पेटी, दोन गावकरी. "खिंडीच्या डाव्या घळीत. वाटेच्या खाली. चला!"

"मी येते," मी म्हटलं.

तो क्षणभर थांबला. "ये."

ती चढण मी कशी चढले मला आठवत नाही. पळतच होतो. खिंडीत पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि धुकं आमच्या अंगावरून खाली वाहत होतं. दिगू वरच्या अंगानं येऊन आधीच पोचला होता, एक हात गळ्यात बांधलेला. तो घळीच्या तोंडाशी उभा राहून हाका मारत होता. "बाई! शेवडेबाई!"

आम्ही सगळे गप्प झालो. धुक्यातून, खालून, अगदी बारीक आवाज आला. "ओ."

मी दोराची वाट पाहिली नाही. कारवीच्या काठ्या धरत, घसरत, खरचटत उतरले. बाई एका झुडपाला टेकून बसल्या होत्या. रेनकोट अंगाभोवती ओढलेला, एक पाय विचित्र वळलेला, ओठ काळेनिळे. मला पाहिलं आणि त्यांचं तोंड एकदम उजळलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"सापडलीस!" त्या म्हणाल्या. "सापडलीस गं एकदाची!"

मला वाटलं, भ्रम झालाय. "बाई, तुम्ही हरवला होतात. आम्ही तुम्हाला शोधत होतो."

"मी कुठली हरवते? चौथ्यांदा बघतेय हे पठार. तू म्हणालीस खिंडीत थांबते. मी आले तर तू नाहीस. हाका मारल्या. म्हटलं, पोरगी फोनच्या नादात घसरली की काय घळीत. म्हणून बघायला खाली उतरले, आणि हा पाय." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. हात बर्फासारखा होता. "रात्रभर हाका मारतेय तुला. कुठे होतीस? लागलं नाही ना कुठे?"

वरून नंदूदादा उतरत होता. दगड घरंगळल्याचा आवाज आला. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"मी खिंडीत थांबलेच नाही, बाई," मी म्हटलं. "मी गावात गेले होते. तुम्हाला न सांगता."

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात उत्तर चुकल्यावर बघायच्या तसं नाही. त्या काहीतरी पुन्हा पुन्हा जुळवून बघत होत्या आणि ते जुळत नव्हतं.

"पण मग मी रात्रभर…" त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

माझं मनगट त्यांनी सोडलं नाही.

पाय बांधला, गरम पाणी पाजलं, त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, दोर लावून वर काढलं. चौघांनी स्ट्रेचर उचललं. धुकं इतकं दाट झालं होतं की पुढच्या माणसाची पाठही दिसत नव्हती. मी बाजूला होऊन सगळ्यांच्या मागे चालायला लागले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तेजश्री कुठे आहे?"

"मागे आहे, बाई," नंदूदादा म्हणाला.

"मागे नको. तिला माझ्या शेजारी चालू दे. आणि हाक मारली की ओ द्यायला सांगा."

मी शेजारी आले. उतार दीड तासाचा होता. थोडं अंतर गेलं की धुक्यातून त्यांचा आवाज यायचा, आधी बारीक, मग गरम पाण्यानं जरा सुधारलेला.

"तेजश्री?"

"आहे, बाई."

गावातले कंदील दिसेपर्यंत त्यांनी हाक मारायची थांबवली नाही, आणि एकदाही मी उशिरा उत्तर दिलं नाही.